ट्रकची शीतन प्रणाली आणि गार हवा देणारा हीटर

इंजिनातील जादा उष्णता पाण्यावाटे रेडिएटरपर्यंत नेऊन हवेत सोडणारी यंत्रणा म्हणजे शीतन प्रणाली. केबिनचा हीटर हा तिचाच एक फाटा आहे. इंजिनातून तापून आलेले थोडे पाणी डॅशबोर्डमागच्या लहानशा रेडिएटरमधून फिरते. याला हीटर कोअर म्हणतात. ब्लोअरची हवा त्याच्यावरून तापून आत येते. त्यामुळे हीटर गार हवा फेकू लागला की तक्रार हीटरची वाटली, तरी तपास पाण्यापासूनच सुरू करावा लागतो.

कार्ल बेन्झच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत पाणी उकळून वाफेवाटे उष्णता जाई आणि वाटेत वरचेवर पाणी भरावे लागे. काही लेखक रेडिएटरचे श्रेय बेन्झलाच देतात. परंतु वाफ न दवडता तेच पाणी पुन्हा वापरणाऱ्या आजच्या रेडिएटरचा आरंभ जर्मन अभियंता विल्हेल्म मायबाखच्या रचनांपासून मानणे अधिक सयुक्तिक दिसते. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजमध्ये त्याने बसवलेल्या मधपोळ्याच्या आकाराच्या रेडिएटरला ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. पाण्याचा पंप मात्र लगेच सार्वत्रिक झाला नाही. फोर्डच्या १९१७ च्या एक टनी ‘टीटी’ ट्रकमध्ये पाणी केवळ तापून हलके झाल्यामुळे वर चढे आणि गार होऊन खाली उतरे.

हीटरच्या उगमाबद्दल घोटाळा अधिक आहे. अमेरिकेतील मार्गारेट विल्कॉक्स यांना १८९३ साली मिळालेल्या ‘कार हीटर’च्या पेटंटवरून त्यांना मोटारीच्या हीटरच्या जनक म्हणण्याची प्रथा पडली आहे. मात्र त्या काळच्या अमेरिकेत ‘कार’ या शब्दाने प्रामुख्याने रेल्वेचा डबा समजला जाई, आणि मोटारी तर तिथे नुकत्याच अवतरत होत्या. तेव्हा हे पेटंट रेल्वेच्या डब्यासाठीचे मानणेच योग्य. विल्कॉक्स यांच्या कल्पकतेला त्याने उणेपणा येत नाही. आरंभीचे मोटार-हीटर एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालत. इंजिनाच्या गरम पाण्यावरचे हीटर साधारणपणे १९३० च्या सुमारास पुढे आले.

रेडिएटरची वाट तापमानानुसार उघडणारा-मिटणारा थर्मोस्टॅट पाणी किती तापू द्यायचे ते ठरवतो. जुन्या थर्मोस्टॅटमध्ये अल्कोहोल किंवा ईथरसारख्या द्रवाने भरलेला भाता असे. प्रणालीत दाब वाढला की तो दबून उशिरा उघडे. सर्जियस व्हर्ने यांनी १९३० च्या दशकात विकसित केलेल्या मेणाच्या गोळीने ही अडचण दूर केली. मेण वितळताना बरेच फुगते आणि झडपेचा दांडा ढकलते. बहुतेक डिझेल इंजिनांत झडप ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागते.

गाडी गरम मारू लागली की थर्मोस्टॅट काढून फेकण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्यानंतर इंजिन कधी कधी आणखीच तापते, यावर दुमत नाही. कारणाबद्दल मात्र आहे. पाणी फार जोरात फिरल्यामुळे त्याला रेडिएटरमध्ये गार व्हायला वेळ मिळत नाही, हे स्पष्टीकरण गॅरेजमध्ये आणि छापील पुस्तिकांतही आढळते. उष्णतेच्या हिशेबात ते टिकत नाही. एका फेरीत पाणी कमी गार होते हे खरे, पण फेऱ्या वाढतात आणि बाहेर पडणारी एकूण उष्णता वाढते. दुसरे स्पष्टीकरण बायपासचे, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी थेट इंजिनात परत नेणाऱ्या वाटेचे आहे व ते ग्राह्य वाटते. बऱ्याच ट्रक-इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात. एक तबकडी रेडिएटरची वाट उघडते आणि त्याच हालचालीत दुसरी बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसला की दोन्ही वाटा कायम उघड्या राहतात. मग भरलेली गाडी घाट चढताना पाण्याचा मोठा वाटा रेडिएटरला बगल देऊन तसाच गरम परत येतो. उलट थंडीत, रिकाम्या गाडीत, रेडिएटरची वाट कधीच बंद होत नसल्याने इंजिन तापत नाही आणि हीटर गारच राहतो. शिवाय थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही व लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) लवकर झिजतात. थर्मोस्टॅट काढणे हा उपाय नव्हे.

निदानाला हात घालताना हीटरची हवा आणि तापमानाचा काटा एकत्र वाचावेत. हवा गार आणि काटाही खालीच असेल, तर बहुधा थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा काढलेला आहे. काटा मध्यावर आणि हवा गार असेल, तर दोष बहुधा हीटरच्या फाट्यातच सापडतो. हवा गार आणि काटा चढत असेल, तर गाडी लगेच बाजूला घ्यावी. पाणी कमी झाले आहे किंवा पंप ते फिरवत नाही. हीटर कोअर बहुधा उंचावर असल्याने पाण्याची पातळी उतरली की हवा आधी तिथेच साठते, म्हणून काटा हलण्यापूर्वीच हीटर गार पडू शकतो. सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडला, तर काटा चढतच नाही. काट्यावर भरवसा ठेवून हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवण्याची पाळी अनेकांवर येते ती यामुळेच.

फाट्याची तपासणी बोटांनी होते. इंजिन तापल्यावर, पंख्यापासून हात दूर ठेवून, हीटरकडे जाणारा आणि परतणारा असे दोन्ही होज पाइप क्षणभर चाचपावेत. दोन्ही सारखेच गरम असतील, तर पाणी फिरते आहे. हवा वळवणारी झडप किंवा तिची केबल पाहावी. एक चटका देणारा आणि दुसरा कोमट असेल, तर कोअर चोकअप आहे, हवा अडली आहे किंवा हीटरचा कॉक बंद आहे. उन्हाळ्यात बंद केलेला कॉक हिवाळ्यापर्यंत गंजून तसाच धरून बसलेला पुष्कळदा आढळतो. अडलेली हवा काढायला हीटर पूर्ण गरमवर ठेवून थंड इंजिनात सावकाश पाणी भरतात आणि ब्लीड स्क्रू (हवा सोडण्याचा स्क्रू) सैल करतात. आधी फसफस होते, मग फेस येतो. बुडबुड्यांविना सलग धार लागली की स्क्रू आवळायचा. इंजिन गरम असताना रेडिएटरची टोपी मात्र कधीही उघडू नये. दाब सुटताच पाणी क्षणात वाफ होऊन उसळते आणि चेहरा, हात भाजतात. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो.

पाण्याच्या टाकीत सतत बुडबुडे दिसले की हेड गॅस्केट (हेडखालचा गळतीरोधक थर) गेले असा निष्कर्ष काढला जातो. ट्रकमध्ये तो घाईचा ठरू शकतो. एअर ब्रेकचा कॉम्प्रेसरही बहुधा याच पाण्यावर गार होतो आणि त्याचे गॅस्केट फुटले तर ब्रेकची हवा पाण्यात शिरते. हेड उतरवण्याआधी कॉम्प्रेसरच्या पाण्याच्या नळ्या तात्पुरत्या वेगळ्या करून बुडबुडे थांबतात का ते पाहावे. एका तासाच्या या कामाने मालकाचा मोठा खर्च वाचतो. अलीकडच्या इंजिनांत ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर याच पाण्याने गार करणारा भाग) फुटूनही पाणी कमी होते. बाहेर थेंब दिसत नाही, फक्त पांढरा धूर आणि घटती पातळी.

महाराष्ट्रात ट्रकचा हीटर क्वचितच लागतो, पण शीतन प्रणालीची परीक्षा बोरघाट आणि कसारा घाटात रोज होते. कूलंटऐवजी (शीतनासाठीच्या मिश्रणाऐवजी) बोअरचे जड पाणी भरले की क्षारांचा थर बसतो. तो ओतीव लोखंडापेक्षा उष्णता फारच कमी वाहतो आणि हीटर कोअरच्या अरुंद नळ्या सर्वांत आधी बुजवतो. नागमोडी चढावर काटा चढू लागल्यास भर उन्हाळ्यातही हीटर पूर्ण चालू करणे हा खरा तात्पुरता उपाय आहे, कारण तो दुसऱ्या रेडिएटरचे काम करतो.

मनाली–लेह रस्त्यावर स्थिती उलटी. सुमारे ५,३०० मीटर उंचीच्या तांगलांग ला खिंडीत उघडे पाणी ८२–८३ अंशांना उकळते, म्हणजे कित्येक थर्मोस्टॅट पूर्ण उघडण्याआधीच. तिथे रेडिएटरची, प्रणालीत दाब धरून ठेवणारी टोपी शाबूत असणे अत्यावश्यक आहे. टोपी १ बार दाब धरत असेल, तर समुद्रसपाटीला उकळणबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. निम्मे पाणी आणि निम्मे एथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. शुद्ध ग्लायकॉल मात्र उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते, म्हणून ‘जास्त कूलंट, जास्त संरक्षण’ हा समज चुकीचा आहे. एससीआर (युरियाने धूर स्वच्छ करणारी यंत्रणा) बसवलेल्या ट्रकमधील युरियाचे द्रावण उणे ११ अंशांना गोठते. थंड प्रदेशांसाठीच्या अनेक गाड्यांत त्याची टाकीही इंजिनाच्या याच गरम पाण्याने तापवतात, त्यामुळे पाण्याचे अभिसरण अडले तर हीटरबरोबर तीही गार राहते.