एनटीपी आणि पीटीपी: आकडेमोड तीच, टाइमस्टॅम्प पडतो तिथे फरक

एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल) आणि पीटीपी (प्रिसिजन टाइम प्रोटोकॉल) हे दोन्ही नेटवर्कवरून यंत्रांची घड्याळं जुळवणारे प्रोटोकॉल. पीटीपी म्हणजे एनटीपीची सुधारित, जास्त अचूक आवृत्ती, असा समज बऱ्याच जणांचा असतो. त्यातूनच "आपणही पीटीपी लावू या, मायक्रोसेकंद मिळतील" असे बेत शिजतात, आणि मग महागड्या ग्रँडमास्टरची (सगळ्या नेटवर्कला वेळ देणाऱ्या मुख्य घड्याळाची) वेळ साध्या स्विचमधून फिरवून हाती एनटीपीइतकंच काहीतरी लागतं.

एनटीपी डेव्हिड मिल्स यांचं. 1985 मध्ये त्याचं पहिलं आरएफसी (इंटरनेटच्या प्रोटोकॉलचं वर्णन करणारा दस्तऐवज) आलं. मधला रस्ता आपल्या ताब्यात नाही, हे त्यात गृहीतच धरलेलं आहे. पीटीपी म्हणजे आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं 1588 क्रमांकाचं मानक, पहिली आवृत्ती 2002 ची. तो मोजमापाच्या उपकरणांसाठी आणि कारखान्यातल्या नियंत्रण यंत्रणांसाठी बनला. तिथे नेटवर्क आपलंच असतं. घड्याळं जुळवायची गरज मात्र दोन्हीकडे एकाच कारणाने पडते: घड्याळातलं क्रिस्टल 50 पीपीएमने (दहा लाखांत 50 भागांनी) चुकत असेल, तर एका दिवसात 4.3 सेकंद इकडचे तिकडे होतात.

आता आकडेमोड. क्लायंटने (वेळ विचारणाऱ्या यंत्राने) आपल्या घड्याळाने 0 मिलिसेकंदाला पॅकेट सोडलं. सर्व्हरला ते त्याच्या घड्याळाने 35 ला मिळालं, 36 ला त्याने उत्तर पाठवलं, आणि क्लायंटकडे ते 21 ला पोचलं. जाण्यायेण्यात 21 वजा 1, म्हणजे 20 मिलिसेकंद गेले. ते निम्मे-निम्मे धरले की सर्व्हर 25 मिलिसेकंद पुढे आहे, असं निघतं. पीटीपीत बोलायला सुरुवात मास्टर (वेळ देणारं घड्याळ) करतो, पण टिपायच्या चार वेळा आणि त्यांची वजाबाकी हीच.

गोम "निम्मे-निम्मे" मध्ये आहे. समजा जाताना 14 आणि येताना 6 मिलिसेकंद लागले. चारही आकडे जसेच्या तसे राहतात, पण खरा फरक 25 नसून 21 असतो. ही 4 मिलिसेकंदांची चूक त्या चार आकड्यांत कुठेही दिसत नाही. दोन्ही दिशांच्या विलंबातल्या फरकाच्या निम्मी चूक होणारच, मग प्रोटोकॉल कुठलाही असो. हा आंधळेपणा पीटीपीलाही चुकलेला नाही.

मग पीटीपी नॅनोसेकंदांपर्यंत जातो कसा? टाइमस्टॅम्प (पॅकेटच्या वेळेची नोंद) कुठे पडतो त्यावर सगळं आहे. एनटीपीत तो सहसा सॉफ्टवेअरमध्ये पडतो. पॅकेट तारेवर येतं आणि प्रोग्रॅम घड्याळ वाचतो, या दरम्यान ऑपरेटिंग सिस्टिममधल्या इंटरप्ट, कर्नल आणि शेड्युलर यांची रांग असते, आणि ती दर वेळी वेगळी भरते. पीटीपीत नेटवर्क कार्डच पॅकेट आत-बाहेर होताना वेळ नोंदवतं. एनटीपीचा टाइमस्टॅम्प मुळात ढोबळ आहे असंही नाही. त्याच्या 64 बिटांत सुमारे 233 पिकोसेकंदांपर्यंतचा बारकावा मावतो. हार्डवेअर टाइमस्टॅम्पिंग चालू केलेला क्रोनी (एनटीपी चालवणारा एक प्रोग्रॅम) स्थानिक नेटवर्कवर मायक्रोसेकंदाच्या आत जाऊ शकतो. उलट पीटीपी सॉफ्टवेअर टाइमस्टॅम्पवर चालवला, तर त्याची मिजास तिथेच उतरते.

राहिला स्विच. एक गिगाबिटच्या पोर्टवर 1500 बाइटची एक फ्रेम पुढे उभी असेल, तर आपलं पॅकेट साधारण 12 मायक्रोसेकंद अडकतं. रांग कधी असते, कधी नसते, म्हणून सरासरी काढूनही हे नीट सुटत नाही. इथे ट्रान्सपरंट क्लॉक असलेला स्विच पॅकेट आपल्याकडे किती वेळ थांबलं ते मोजतो आणि तो आकडा त्या निरोपातच जोडतो. बाउंडरी क्लॉक असलेला स्विच स्वतःच घड्याळ जुळवून पुढच्यांचा मास्टर होतो. माझ्या मते पीटीपीचं खरं वेगळेपण हेच: वाटेतली उपकरणं आपल्या विलंबाचा हिशेब देतात. म्हणून तो इंटरनेटवरून चालवण्यात अर्थ नाही.

विश्वासाच्या बाबतीत मात्र एनटीपी शहाणा. तो तीन-चार सर्व्हरना विचारतो आणि जो बाकीच्यांशी जुळत नाही त्याला बाजूला काढतो. दोनच सर्व्हर दिले तर कोण खोटं बोलतंय ते त्याला कळत नाही, हेही आलंच. नेहमीच्या मांडणीत पीटीपी एकच मास्टर निवडतो, आणि त्या निवडणुकीत सगळ्यांत आधी 'प्रायॉरिटी वन' हा माणसाने भरलेला आकडा बघितला जातो. लहान आकडा जिंकतो. कुणी चुकीचं कॉन्फिगर केलेलं उपकरण जोडलं, तर जीपीएसला बांधलेलं घड्याळ हरतं आणि सगळं नेटवर्क निमूटपणे नव्या मालकामागे जातं.

लॉग, सर्टिफिकेट, नेहमीचे डेटाबेस यांना एनटीपी पुरतो. वीजग्रिडमधला फेझर (विजेच्या लहरीची उंची आणि कोन) मोजायचा असेल, तर 50 हर्ट्झला 31.8 मायक्रोसेकंदांची चूक म्हणजे एक टक्का त्रुटी; तिथे पीटीपीचा खर्च वसूल होतो.

दोन्ही एकाच मशीनवर चालवताना एक गोष्ट बघून घ्या. एनटीपी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) देतो. पीटीपीची नेहमीची वेळ टीएआय (आंतरराष्ट्रीय अणुवेळ) असते, त्यात लीप सेकंद (यूटीसीत अधूनमधून घातलेले जादा सेकंद) नसतात, आणि 1 जानेवारी 2017 पासून ती यूटीसीच्या 37 सेकंद पुढे आहे. नेटवर्क कार्डचं घड्याळ सिस्टिमच्या घड्याळात उतरवताना हा फरक वजा करावा लागतो. दोन मशीनच्या लॉगमध्ये बरोबर 37 सेकंदांचं अंतर दिसलं, तर केबल आणि स्विच तपासत बसू नका. आधी ते सेटिंग उघडा.