पायात रिंग असलेला समुद्रपक्षी दिसला, तर नोंद कुठे आणि कशी करायची?

हिवाळ्यात मुंबईहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमागे कुरव पक्ष्यांचे थवे लागतात. त्यातल्या एखाद्याच्या पायात धातूची रिंग किंवा रंगीत प्लास्टिकची पट्टी दिसली, तर ती कुणीही कळवू शकतं. वयाची अट नाही, फी नाही, परवाना नाही. परवाना लागतो तो रिंग घालणाऱ्या संशोधकाला, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम १२ खाली. त्यामुळे नंबर वाचायला म्हणून पक्षी पकडू नका, तो गुन्हा ठरेल. शेव-गाठ्या टाकून जवळ बोलावणंही नकोच.

भारतात पक्ष्यांना रिंग घालण्याचं काम प्रामुख्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) १९२७ पासून करते आहे. नोंद त्यांना ईमेलने किंवा फोर्टमधल्या हॉर्नबिल हाऊसच्या पत्त्यावर कळवा. रिंग परदेशी असली तरी चालेल. रशियातल्या रिंगांवर ‘मॉस्क्वा’ असं रोमन अक्षरांत कोरलेलं असतं. रिंगवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवा.

कागदपत्रं म्हणाल तर फोटो, तारीख, वेळ आणि नेमकी जागा, एवढंच. पण घोडं अडतं ते इथेच. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातली जागेची माहिती गळून जाते, म्हणून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि गुगल मॅपवरचे अक्षांश-रेखांश वेगळे लिहा. रिंग डाव्या पायात की उजव्या, हे पक्ष्याच्या बाजूने सांगायचं, आपल्या नव्हे. ती गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर आहे की खाली, तेही लिहा. रंगीत पट्ट्या दोन असतील तर वरून खाली क्रम द्या. अक्षर पुसट असेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाका; अंदाजाने भरलेल्या आकड्यामुळे भलत्याच पक्ष्याची नोंद होते. जात ओळखता आली नाही तरी अडत नाही.

जखमी पक्षी सापडला तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा आणि जिवंत पक्ष्याची रिंग काढू नका. मेलेला असेल तर बर्ड फ्लूचा धोका धरून उघड्या हाताने शिवू नका, आधी रिंगचा चहूबाजूंनी फोटो घ्या.

पक्ष्याला रिंग कुठे, कधी घातली, हे शोधून तुम्हाला कळवलं जातं. परदेशी रिंग असेल तर उत्तराला बराच वेळ लागू शकतो, तोवर मोबाइल साफ करताना मूळ फोटो उडवू नका.