पोप तुर्कस्तानात नकोत असं लोक काहून म्हणून राहिले होते

परवा सकाळी नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर फिरून झालं, नेहमीच्या टपरीवर चहा घेऊन राहिलो होतो तर आमच्या ग्रुपमधल्या एकाने मोबाईल पुढं केला, म्हणे हे पाह्य, पोप मशिदीत नमाज पढून राहिले. व्हिडिओत पांढऱ्या झग्यातले म्हातारे गृहस्थ, बाजूला पगडीवाले मुफ्ती, दोघंही पोटावर हात ठेवून गप उभे. खाली लिहिलेलं की कालचा व्हिडिओ आहे. कालचा कसला बाप्पा, तो ३० नोव्हेंबर २००६ चा आहे, इस्तंबूलच्या निळ्या मशिदीतला, आणि ते पोप म्हणजे बेनेडिक्ट सोळावे. हे सांगितलं तर पुढचा प्रश्न आलाच, की मग तेव्हा तर तिकडं त्यांच्या विरोधात केवढे मोर्चे निघाले होते नं? निघाले होते. आणि ते का निघाले याचं उत्तर एका चहात बसत नाही म्हणून इथं लिहून राहिलो.

सगळ्यांना आठवते ती एकच गोष्ट, रेगेन्सबर्गचं भाषण. १२ सप्टेंबर २००६ ला पोप जर्मनीत, जिथं ते आधी प्रोफेसर होते त्याच विद्यापीठात बोलले. विषय श्रद्धा आणि बुद्धी, सगळा रोख खरं तर युरोपातल्या बुद्धिवाद्यांवर होता, पण सुरुवातीलाच त्यांनी मॅन्युएल दुसरा या बायझंटाईन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिश्चन, सम्राटाचं एक वाक्य वाचून दाखवलं. मुहम्मदाने नवीन असं काय आणलं ते दाखवा, तुम्हाला फक्त वाईट आणि अमानुषच दिसेल, तलवारीने धर्म पसरवायचा हुकूम वगैरे. वाक्य दुसऱ्याचं, भाषा ‘धक्का बसावा इतकी उर्मट’ हेही ते तिथंच म्हणाले, पण ‘मला हे पटत नाही’ एवढं साधं वाक्य काही त्यांनी जोडलं नाही. नंतर भाषण छापलं तेव्हा ते जोडलं गेलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पाच दिवसांत पाकिस्तानच्या संसदेत ठराव, पॅलेस्टाईनमध्ये चर्चवर हल्ले, मोगादिशूत एका इटालियन ननला गोळ्या घातल्या आणि लोकांनी त्याचा संबंध या भाषणाशी जोडला. तुर्कस्तानात सत्ताधारी पक्षाच्या एका नेत्याने तर पोपना हिटलर-मुसोलिनीच्या पंगतीत बसवलं. पोप १७ सप्टेंबरला म्हणाले की लोकांच्या प्रतिक्रियेचं मला फार वाईट वाटलं. म्हणजे भाषणाचं नाही, प्रतिक्रियेचं. हा फरक तुर्की पेपरांनी बरोबर पकडला.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती त्या मॅन्युएलची. हा काही दूर बसून इस्लामला शिव्या देणारा राजा नव्हता, हा ऑटोमन, म्हणजे तुर्की, सुलतान बायझिदचा मांडलिक होता, त्याच्या फौजेत त्याला स्वतःची माणसं घेऊन लढायला जावं लागायचं. ते संभाषण झालं म्हणतात १३९१ च्या हिवाळ्यात, अंकाराजवळच्या छावणीत, एका फारसी विद्वानाबरोबर. म्हणजे ज्याचं मीठ खाऊन राहिला त्याच्याच तंबूत बसून वाद. पुढं बायझिदने कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, वेढा घातला, मॅन्युएल मदत मागत पॅरिस, लंडन फिरला, पुरेल इतकी मदत कोणी दिली नाही, आणि शेवटी शहर वाचलं कोणामुळे तर तैमूरलंगामुळे. हो, तोच, १३९८ ला दिल्ली लुटणारा. १४०२ मध्ये अंकाराच्याच लढाईत त्याने बायझिदला पकडलं आणि कॉन्स्टँटिनोपलला आणखी पन्नास वर्षं मिळाली. आता हे सगळं डोक्यात ठेवून पाहा की २००६ मध्ये पोपचं विमान आधी कुठं उतरलं. अंकारालाच.

पण भाषण हे नंतरचं कारण आहे. ते झालं नसतं तरी विरोध झालाच असता, थोडा कमी झाला असता इतकंच. कारण रॅत्झिंगर, म्हणजे पोप व्हायच्या आधीचे बेनेडिक्ट, २००४ मध्येच एका फ्रेंच पेपरला बोलले होते की तुर्कस्तान इतिहासात कायम युरोपच्या विरुद्ध बाजूला राहिलेला देश आहे, त्याला युरोपियन युनियनमध्ये घेणं चूक होईल. तुर्की माणसाला हे मॅन्युएलच्या वाक्यापेक्षा जास्त लागलं असेल असं मला वाटतं, कारण आधुनिक तुर्कस्तान घडवणाऱ्या अतातुर्कच्या काळापासून अर्धा देश आम्ही युरोपच आहोत हे सिद्ध करण्यात लागला होता. युनियनमध्ये घ्यायची बोलणी सुरू झाली ऑक्टोबर २००५ मध्ये, आणि पोप तिथं असतानाच, २९ नोव्हेंबर २००६ ला, युरोपियन कमिशनने तुर्कस्तान सायप्रसच्या जहाजांना आपली बंदरं उघडत नाही या वादावरून ३५ पैकी ८ विषयांवरची बोलणी थांबवा अशी शिफारस केली. टायमिंग पाहा.

अन् गंमत म्हणजे पोप मुसलमानांना भेटायला निघालेच नव्हते. त्यांना बोलावलं होतं इस्तंबूलच्या पॅट्रिआर्क बार्थोलोम्यूंनी, ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे सगळ्यात मानाचे धर्मगुरू, ३० नोव्हेंबरच्या सेंट अँड्र्यूच्या सणाला. हे मुळात ख्रिश्चनांचं आपसातलं भांडण मिटवायचं काम होतं, १०५४ मध्ये कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स फुटले आणि १२०४ मध्ये तर पोपच्या क्रुसेडवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपलच लुटलं, ख्रिश्चनांनी ख्रिश्चनांचं शहर. पण तुर्की सरकारला या भेटीची धास्ती वेगळीच. बार्थोलोम्यू स्वतःला ‘जागतिक’ पॅट्रिआर्क म्हणवतात, सरकार म्हणते तुम्ही फक्त इथल्या दोन-तीन हजार ग्रीकांचे पाद्री. राष्ट्रवाद्यांना वाटायचं की पोप येऊन त्यांना मान दिला की उद्या इस्तंबुलात दुसरं व्हॅटिकन उभं राहील. आपण ज्या टेकडीवर रोज फिरतो तिला सेमिनरी हिल्स म्हणतो, कारण तिथं सेंट चार्ल्स सेमिनरी आहे आणि पाद्री घडवायचं काम तिथं आजही चालू आहे. इस्तंबूलजवळच्या बेटावरही टेकडीवर अशीच सेमिनरी आहे, हल्कीची. ती १९७१ पासून बंद. बार्थोलोम्यू स्वतः तिथलेच विद्यार्थी, आता तिथं नवीन पाद्री घडत नाहीत.

तिसरी गाठ इस्तंबूलच्या हागिया सोफियाची, आणि ती सगळ्यात घट्ट. ५३७ मध्ये चर्च म्हणून बांधलं, १४५३ ला ऑटोमन सुलतान मेहमदने शहर घेतलं तशी मशीद झाली. मग खिलाफत गेली. ज्या खिलाफतीसाठी गांधीजींनी असहकार पुकारला आणि डिसेंबर १९२० ला आपल्या नागपूरच्या काँग्रेसमध्ये तो पक्का झाला, ती खुद्द तुर्कांनीच ३ मार्च १९२४ ला मोडीत काढली. त्याच धोरणात १९३४ मध्ये हागिया सोफियाचं म्युझियम करायचं ठरलं, म्हणजे ना तुमचं ना आमचं. १९६७ मध्ये पोप पॉल सहावे आले आणि तिथं गुडघे टेकून प्रार्थना करून बसले, झालं, लगेच राष्ट्रवादी पोरं तिथं जाऊन नमाज पढून आली. म्हणून २००६ मध्ये सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे, हे आत जाऊन काय करतील. दौऱ्याच्या आठवडाभर आधी एका राष्ट्रवादी पक्षाचे चाळीसेक लोक आत घुसले, नमाज पढले, घोषणा दिल्या, पोलिसांनी उचललं.

आणि भीती नुसती घोषणांची नव्हती. १९७९ मध्ये जॉन पॉल दुसरे यायच्या आधी अली आग्जा नावाच्या तुरुंगातून पळालेल्या खुन्याने मिल्लियेत पेपरला पत्र पाठवलं होतं की या ‘क्रुसेडच्या सेनापतीला’ मी मारणार. ज्या संपादकाच्या खुनासाठी तो आत होता तो त्याच पेपरचा. तेव्हा कोणी फार मनावर घेतलं नाही, १३ मे १९८१ ला त्याने व्हॅटिकनमध्ये खरंच गोळ्या झाडल्या. २००६ च्याच फेब्रुवारीत, पैगंबरांच्या डॅनिश कार्टूनचा वाद पेटलेला असताना, त्राबझोनमध्ये एका इटालियन पाद्र्याला सोळा वर्षांच्या पोराने चर्चमध्ये मारलं होतं. ऑक्टोबरमध्ये तर टर्किश एअरलाइन्सचं विमान हायजॅक झालं, जगभर बातमी की पोपच्या विरोधात केलं, नंतर कळलं की सैन्यात जायचं नव्हतं म्हणून पळालेला पोरगा होता आणि त्याला उलट पोपचीच मदत पाहिजे होती. फॉरवर्डचा जमाना यायच्या आधीही असं चालायचं.

मोठा मोर्चा निघाला २६ नोव्हेंबरच्या रविवारी, इस्तंबूलच्या चालायान चौकात, वीस-पंचवीस हजार लोक. काढला सादेत पक्षाने. आता हे राजकारण आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायची गरजच नाही, सादेत म्हणजे एर्बाकान यांच्या जुन्या इस्लामी पक्षाचा उरलेला भाग, त्यातूनच फुटून एर्दोआन पंतप्रधान झाले होते आणि पुढच्या वर्षी निवडणूक. पोप हे निमित्त, खरं विचारायचं होतं एर्दोआनना, की तुम्ही आता कोणाचे? एर्दोआननी आधी सांगितलं की मला नाटोच्या मीटिंगला रिगाला जायचं आहे, भेटता येणार नाही, मग शेवटच्या क्षणी अंकाराच्या एअरपोर्टवर जाऊन भेटले आणि बाहेर येऊन म्हणाले की पोपनी आम्हाला युरोपसाठी पाठिंबा दिला. व्हॅटिकनने त्यावर जरा सांभाळूनच निवेदन काढलं.

आपल्याकडे १९९९ ला ऐन दिवाळीत पोप दिल्लीत आले तेव्हाही माफी मागा म्हणून आंदोलन झालंच होतं, पण तिथं मुद्दा धर्मांतराचा. तुर्कस्तानात मुख्य मुद्दा तो नव्हता. एकाला पैगंबरांच्या अपमानाचा राग, दुसऱ्याला युरोपचा, तिसऱ्याला पॅट्रिआर्कचा, चौथ्याला एर्दोआनचा, आणि बॅनर सगळ्यांचं एकच.

पोपनी काय केलं? हागिया सोफियात गेले, पाहिलं, हात जोडले नाहीत, क्रॉस केला नाही. मग समोरच्या निळ्या मशिदीत गेले, बूट काढले, आणि मुफ्ती मुस्तफा चाआरजी यांनी मक्केकडे तोंड करून थोडा वेळ उभं राहू म्हटलं तेव्हा उभे राहिले. हे चाआरजी म्हणजे रेगेन्सबर्गला उत्तर देणाऱ्या ३८ मुस्लिम विद्वानांच्या पत्रावर सही करणाऱ्यांपैकी. दोघांनी एकमेकांना भेट दिली ती न ठरवता कबुतरांच्याच चित्राची. तोच तो व्हिडिओ.

हागिया सोफिया जुलै २०२० मध्ये परत मशीद झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये आताचे पोप लिओ इस्तंबूलला गेले, निळ्या मशिदीत गेले, बूट काढले, प्रार्थना करताना कोणाला दिसले नाहीत. हागिया सोफिया तिथून चालत पाच मिनिटांवर आहे, तिकडे गेलेच नाहीत.