चहा व कॉफी : आरोग्यावरील परिणाम

दोन्ही पेयांतली तरतरी कॅफीनची. वजनाला वजन धरले तर चहाच्या पत्तीत (सुमारे ३ टक्के) अरेबिका कॉफीच्या बियांपेक्षा (सुमारे १.२ टक्के) कॅफीन जास्त, पण कपाला पत्ती लागते २-३ ग्रॅम आणि कॉफीची पूड १० ग्रॅमपर्यंत, त्यामुळे कपात हिशेब उलटतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार १५० मिली गाळीव कॉफीत ८०-१२०, इन्स्टंट कॉफीत ५०-६५ आणि चहात ३०-६५ मिग्रॅ कॅफीन असते; दिवसाची मर्यादा ३०० मिग्रॅ. कॉफीत चिकोरी (एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळाची पूड) मिसळलेली असेल तर आकडा उतरतो, कारण चिकोरीत कॅफीन नसते. निम्मे कॅफीन शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, गरोदरपणात त्याहून बरेच जास्त. संध्याकाळी पाचचा कप रात्री दहालाही अर्धा शिल्लक असतो.

चहा खरा नडतो तो लोहाला. नाचणी, डाळी, पालेभाज्यांतले लोह चहातल्या टॅनिन या तुरट द्रव्यांशी बांधले जाते आणि अंगी लागत नाही. १९८३ च्या एका अमेरिकी प्रयोगात जेवणासोबत चहा घेतल्यावर लोहाचे शोषण ६४ टक्क्यांनी घटले, कॉफीने ३९ टक्क्यांनी. जेवणाआधी तासभर घेतलेली कॉफी बाधली नाही. जेवणानंतर तासाभराने घेतलेली मात्र जेवणासोबतच्या कॉफीइतकीच बाधली. लिंबातले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते, पण पोह्यांवर लिंबू पिळून वर लगेच चहा घेतला, तर लिंबाचा हा फायदा बराचसा वाया जातो. लोहाची गोळी चहाबरोबर घेणे ही तर नेहमीची चूक.

कॉफीचा दोष वेगळा. उकळून न गाळता घेतलेल्या कॉफीतले कॅफेस्टॉल हे तेलकट द्रव्य एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल वाढवते. कागदी गाळणी ते अडवते, धातूची गाळणी फारसे नाही. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनाही बहुधा कॉफीच आधी झोंबते. उलट, नियमित कॉफी पिणाऱ्यांत मधुमेह (प्रकार २) आणि यकृताचे विकार कमी आढळतात. हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे, कॉफी हे औषध नव्हे.

आपल्याकडच्या उकळ्या चहात मात्र पत्तीपेक्षा साखरच जास्त मोजावी. कपाला दोन चमचे म्हणजे ८-१० ग्रॅम. चार कपांत ४० ग्रॅमपर्यंत. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहायला सुचवते. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेय, मग ते कोणतेही असो, अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण म्हणून २०१६ मध्ये नोंदले गेले.

चहा किंवा कॉफी एकदम तोडली की १२ ते २४ तासांत डोके धरते. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी अर्धा कप कमी करावा.