उष्टावण कोणत्या तारखेला?

डॉक्टरांनी सांगितलेली तारीख १५ सप्टेंबर होती आणि मुलगा ७ जुलैलाच जन्मला, असं धरू. तब्बल १० आठवडे आधी. काही आठवडे काचेच्या पेटीत काढून तो घरी येतो, आणि डिसेंबर उजाडला की उष्टावणाची बोलणी सुरू होतात. सहावा महिना लागलाय, मामा रजा काढून येणार आहे, संक्रांतीच्या आत उरकून घेऊ. आजी त्याच्या बारीक दंडांवरून हात फिरवत म्हणते, "नुसत्या दुधाने काय होणार? वरणाचं पाणी सुरू करा, अंग धरेल."

या बोलण्यातली माया खरी आहे, फक्त हिशेब चुकतो. ७ जानेवारीला हे बाळ जन्मतारखेने सहा महिन्यांचं होतं, पण त्याच्या मानेचं, जिभेचं वय तेव्हा चार महिनेही भरलेलं नसतं. आधीचे १० आठवडे त्याने आईच्या पोटात घालवायचे होते. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या वयाला सुधारित वय म्हणतात. त्या हिशेबाने याचे सहा महिने भरतात १५ मार्चला. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळं ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मली, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. म्हणजे हा तारखांचा घोळ लाखो घरांत होत असणार.

मुळात या बाळांना दूध पिणंच का जड जातं, ते आधी पाहू. गिळायला तर गर्भ पोटात असतानाच शिकलेला असतो, तो गर्भजल गिळतच असतो. पण पोटात त्याला श्वास घ्यायचा नसतो. बाहेर आल्यावर चोखणं, गिळणं आणि श्वास या तिन्ही गोष्टींचा मेळ बसवावा लागतो, कारण अन्नाची आणि हवेची वाट घशात एकमेकींना छेदते. दर घोटाला श्वास क्षणभर थांबायला हवा आणि लगेच सुरूही व्हायला हवा. मेंदूतली ही जुळणी गर्भारपणाच्या साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास पक्की होऊ लागते. सातव्या महिन्यात जन्मलेलं मूल जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, असं अजूनही कुठे कुठे ऐकू येतं. ते साफ चूक आहे. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा प्रत्येक बाबतीत पुढे असतं, दूध ओढण्यातही.

म्हणून फार लवकर जन्मलेल्या बाळाला आधी नळीने थेट पोटात दूध देतात, मग वाटी-चमच्याने किंवा चोच असलेल्या बोंडल्याने, आणि मग अंगावर. आपल्या आज्यांचं बोंडलं या बाळांच्या फार उपयोगाचं आहे, मात्र ते दर वेळी उकळून घ्यायला हवं. दूध शक्यतो आईचंच, पिळून काढलेलं. ते पुरेसं नसेल तर दुग्धपेढीतलं, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, ती याच गरजेतून.

घरी आल्यावरही अडचणी संपत नाहीत. बाळ चार घोट घेऊन दमतं, पिता पिता झोपून जातं. काही बाळं चमचा ओठांजवळ आला की तोंड फिरवतात. या हट्टी सवयी नव्हेत. ज्या तोंडाला आठवडेच्या आठवडे नळ्या आणि चिकटपट्ट्याच लागल्या, त्याला कुठलाही स्पर्श धोक्याचा वाटणारच. अशा वेळी गाल दाबून, नाक धरून पाजू नका. त्याने भीती पक्की होते. दूध पिताना ओठ निळे पडत असतील, श्वास अडखळत असेल, दर वेळी ठसका लागत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा.

आता आजीचा प्रश्न. बाळ बारीक आहे, तर लवकर खाऊ घातल्याने ते भरेल का? दिल्लीतल्या सरकारी रुग्णालयांमधल्या डॉक्टरांनी हेच तपासलं. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या ४०३ बाळांपैकी काहींना सुधारित वयाचे चार महिने भरल्यावर वरचं अन्न सुरू केलं, काहींना सहा. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक नव्हता. पण लवकर सुरू केलेल्या गटातल्या बाळांना रुग्णालयात जास्त वेळा दाखल करावं लागलं. माझ्या मते आपल्याकडच्या पाण्याचा, हवेचा आणि संसर्गाचा विचार करता हा पुरावा पुरेसा बोलका आहे. ब्रिटनमध्ये जन्मतारखेपासून ५ ते ८ महिन्यांच्या दरम्यान सुरुवात करायला सांगतात, तीही सुधारित तीन महिने उलटल्यावर आणि बाळाची तयारी पाहून. तुमच्या बाळासाठी डॉक्टरांनी काही वेगळं ठरवलं असेल, तर त्यांचंच ऐका.

लोहाची काळजी रास्त आहे. बाळाच्या शरीरात लोह साठतं ते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, आणि तेच याचे हुकलेले असतात. पण त्यावर उपाय डॉक्टरांनी लिहून दिलेले लोहाचे थेंब. वरणाच्या पाण्यात ना लोह पुरेसं, ना उष्मांक. ते फक्त इवलंसं पोट भरतं आणि दुधाची जागा अडवतं.

तारखेबरोबर बाळाकडेही बघा. मान धरतंय का, आधाराने ताठ बसतंय का, आणि जीभ काय करते? चमचा टेकताच घास बाहेर ढकलला गेला, तर चव आवडली नाही असं नसतं. ती जिभेची उपजत क्रिया आहे, काही आठवड्यांनी आपोआप जाते. तोवर थांबा.

सुरुवात घट्ट अन्नाने करावी. चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतकं. कुस्करलेला वरण-भात आणि त्यावर तूप, नाचणीचं सत्त्व, मऊ केळं, घरात चालत असेल तर पूर्ण शिजवलेलं अंडं. मीठ, साखर, गूळ नको. मध तर वर्षाच्या आत बोटभरही नको, त्यातले जिवाणू बाळाच्या आतड्यात विष तयार करू शकतात. दूध चालूच ठेवायचं. आणि वर्षभर सगळं मिक्सरमधून काढत बसू नका. चावायलाही शिकावं लागतं.

लसीकरणाच्या कार्डावर दोन्ही तारखा ठळक लिहून ठेवा. खाणं, बसणं, रांगणं दोन वर्षांपर्यंत अपेक्षित तारखेवरून मोजा. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात. बाळ लहान आहे म्हणून त्या स्वतःहून पुढे ढकलू नका.