जीटीके

संगणकाच्या पडद्यावरच्या खिडक्या, बटणे, याद्या, मजकूर भरायचे रकाने हे सगळे उभे करण्यासाठी प्रोग्राम लिहिणारे जे तयार साहित्य वापरतात त्याला टूलकिट म्हणतात. जीटीके हे त्यांपैकी एक मुक्त स्रोत टूलकिट. ते सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेले आहे आणि त्यावर बेतलेला प्रोग्राम लिनक्स, विंडोज आणि मॅकओएस या तिन्हींवर चालवता येतो. एलजीपीएल या परवान्यामुळे ते कोणालाही फुकट वापरता येते, उघडून पाहता येते, दुरुस्त करता येते. आपला प्रोग्राम विकायचा असला तरी या परवान्याची आडकाठी नाही. जीटीकेतच फेरफार करून ते वाटायचे असेल तर मात्र ते फेरफार खुले ठेवावे लागतात. गिंप आणि इंकस्केप हे चित्रांचे प्रोग्राम, तसेच ग्नोम आणि एक्सएफसीई हे लिनक्सचे डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरचा सगळा कारभार सांभाळणारे प्रोग्रामसंच, जीटीकेवर उभे आहेत.

गोव्यातल्या साखळी शहरातल्या एखाद्या वाचनालयाला पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्राम हवा आहे, असे समजू. तो लिहिणाऱ्याला वाचनालयाचे नियम ठाऊक असतात: पुस्तक किती दिवस ठेवता येते, उशिराचा दंड किती, अनामत कधी परत द्यायची. बटणावर माउस आला की त्याचा रंग किंचित बदलावा, दाबले की ते आत गेल्यासारखे दिसावे, टॅब दाबला की पुढच्या रकान्यात जावे, यादी लांबली की बाजूला सरकपट्टी यावी, यात त्याने डोके का शिणवावे? ही कामे टूलकिट करते. प्रोग्राममध्ये एवढेच सांगायचे की ‘नोंद करा’ हे बटण दाबले गेले की अमुक काम कर. जीटीकेच्या भाषेत बटण हे एक विजेट आणि ते दाबल्याची वर्दी म्हणजे सिग्नल. प्रोग्राम चालू असेपर्यंत एक मुख्य फेरा अखंड फिरत असतो. कळ दाबली, माउस हलला, ठरलेली वेळ भरली, जे घडेल ते टिपून तो ज्याच्या त्याच्या विजेटकडे पोचवतो. या फेऱ्यात एखादे लांबलचक काम घुसवले तर खिडकी गोठून बसते. नवखे पहिली ठेच खातात ती इथेच.

उगम

१९९५ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या आवारात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस हे दोन विद्यार्थी गिंप लिहायला बसले होते. त्यांची उठबस एक्ससीएफ नावाच्या विद्यार्थ्यांच्या संगणक मंडळात होती. गिंपमध्ये साठवलेल्या चित्राच्या फाइलला आजही तेच नाव शेपटीसारखे लागते. गिंपच्या पहिल्या आवृत्त्या मोटिफ या टूलकिटवर होत्या. मोटिफ विकत घ्यावे लागे, त्यामुळे गिंप फुकट असूनही ज्याच्याकडे मोटिफ नाही त्याला तो मूळ संहितेवरून स्वतः तयार करून घेता येत नसे. मॅटिसने वैतागून स्वतःचेच टूलकिट लिहायला घेतले. गिंप टूलकिट, म्हणून जीटीके. जोश मॅकडोनल्ड हा त्याचा तिसरा कर्ता. लवकरच सगळी रचना नव्याने, ऑब्जेक्टच्या, म्हणजे एकावर एक बेतलेल्या घटकांच्या, पद्धतीने केली गेली आणि नावापुढे अधिकचिन्ह आले. ते २०१९ साली काढून टाकले.

हे टूलकिट गिंपपुरते राहिले असते. त्याला मोठे केले ते परवान्यांच्या भांडणाने. १९९६ साली सुरू झालेला केडीई हा डेस्कटॉप क्यूटी या टूलकिटवर बेतला होता आणि त्या वेळी क्यूटीचा परवाना पूर्ण मुक्त नव्हता. ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोचे मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोमची घोषणा केली आणि पायाला जीटीके घेतले. क्यूटी पुढे २००० साली जीपीएल या मुक्त परवान्याखालीही मिळू लागले आणि भांडणाचे मूळ कारण गेले, तोवर दोन्ही घरे आपापल्या जागी पक्की झाली होती. जीटीकेची १.० ही आवृत्ती एप्रिल १९९८ ची, २.० मार्च २००२ ची, ३.० फेब्रुवारी २०११ ची आणि ४.० डिसेंबर २०२० ची.

बांधणी

वेगवेगळ्या प्रणालींवर एकच प्रोग्राम चालवायचे दोन मार्ग आहेत. डब्ल्यूएक्सविजेट्ससारखी टूलकिट प्रत्येक प्रणालीची स्वतःची बटणे मागून घेतात. विंडोजवर विंडोजचे बटण दिसते, मॅकवर मॅकचे. जीटीके स्वतःच सगळे रेखाटते. त्यामुळे विंडोजवर जीटीकेचा प्रोग्राम पाहुण्यासारखा दिसतो, ही तक्रार खरी आहे. पण मजकूर सगळीकडे एकाच हातून रेखाटला जातो, आणि मराठी वापरणाऱ्याच्या दृष्टीने हे मोल मोठे आहे.

जीटीके एकसंध नाही. खाली जीलिब, तिच्यावर ऑब्जेक्टची व्यवस्था, मजकुरासाठी पँगो, रेखाटनासाठी कैरो, अशा वेगळ्या लायब्रऱ्या (प्रोग्रामांना वापरता येणारे तयार कोडचे संच) एकमेकींच्या खांद्यावर उभ्या आहेत. चौथ्या आवृत्तीपासून रेखाटनाचा बराच भार ग्राफिक्स कार्डावर टाकला जातो. पायथन, सी प्लस प्लस, रस्ट, व्हाला अशा भाषांतूनही जीटीके वापरता येते, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने पायथनच धरावे.

विजेट कुठे बसवायचे हे जीटीकेत मोजपट्टीने ठरवत नाहीत. डावीकडून वीस बिंदू, वरून चाळीस बिंदू असे सांगण्याऐवजी विजेट खोक्यांत किंवा जाळीत ठेवायची आणि जागेची वाटणी टूलकिटवर सोपवायची. प्रत्येक विजेट आपल्याला किती जागा लागेल ते सांगते, खोके ती जुळवते. पहिल्यांदा हा प्रकार जाचक वाटतो, पण तो का हवा हे देवनागरीत काम करणाऱ्याला लगेच उमगते. इंग्रजी अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेल्या उंचीत देवनागरी मावत नाही. वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. बटणाची उंची बांधलेली असेल तर खालचा भाग कापला जातो. ‘मुळगाव’चा उकार कापला गेला की ‘मळगाव’ उरते, आणि डिचोली तालुक्यातला गाव एका झटक्यात सावंतवाडीजवळ जाऊन पडतो. खोक्यांच्या पद्धतीत बटण अक्षरांना विचारून उंच होते.

देवनागरी

२.० या आवृत्तीचे सर्वांत मोलाचे देणे म्हणजे पँगो. ओवेन टेलर आणि राफ लेव्हिएन यांनी सुरू केलेल्या या लायब्ररीच्या नावात ग्रीक ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा अशी जोड आहे. त्याआधी मराठी डीटीपीवाल्यांना ठाऊक असलेले जग निराळे होते: प्रत्येक फाँटची आपली सांकेतिक मांडणी, एका फाँटात लिहिलेले दुसऱ्यात उघडले की कचरा. युनिकोडने अक्षरांना ठरलेले क्रमांक दिले, पण क्रमांक म्हणजे अक्षराचे रूप नव्हे. साठवताना ‘कि’मधला क आधी आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर असते, पडद्यावर वेलांटी आधी यायला हवी. जोडाक्षरे जुळायला हवीत, रफार योग्य अक्षराच्या डोक्यावर बसायला हवा. हे काम पँगो हार्फबझ या लायब्ररीकडून करून घेते. २०१९ मधल्या १.४४ या आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर ते हार्फबझकडेच आहे.

मराठीची खरी परीक्षा ‘र’ घेतो. गोव्याच्या पश्चिमेला दर्या आहे आणि पूर्वेला सत्तरी तालुक्याच्या दऱ्या. लिहिताना या दोन शब्दांत फरक एका अक्षराचा. ‘दर्या’त साधा र, मग पायमोडीचे चिन्ह, मग य, इथे र रफार होऊन ‘या’च्या डोक्यावर चढतो. ‘दऱ्या’त नुक्त्याचा ऱ आहे. तो वर न चढता ‘य’च्या डाव्या अंगाला वाकड्या रेघेसारखा चिकटतो. हिंदीचे या रूपावाचून अडत नाही, म्हणून हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेली सॉफ्टवेअर इथे नेमकी घसरत. इनस्क्रिप्ट कळफलकावर र जे या कळीवर आहे आणि ऱ तीच कळ शिफ्टसह दाबल्यावर मिळतो. दुसऱ्या, तऱ्हा, किनाऱ्यावर, गोऱ्हा असे शब्द त्याच्याशिवाय सहज लिहिता येत नाहीत. जीटीकेवरच्या कोणत्याही प्रोग्रामात हे शब्द टंकून पाहावेत. ते नीट उमटले तर त्या प्रोग्रामच्या लेखकाने त्यासाठी एक ओळही लिहिलेली नसते.

आणखी एक बारीक गोष्ट. मराठीतला ‘ल’ आणि ‘श’ हिंदी छपाईपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो. नोटोसारख्या काही फाँटांत दोन्ही वळणे असतात आणि मजकूर मराठी आहे असे कळले की मराठी वळण निवडले जाते. प्रणालीची भाषा मराठी ठेवली असेल तर पँगो हे फाँटापर्यंत पोचवते. संपादनातही असाच विचार दिसतो: बाणाची कळ दाबली की कर्सर पूर्ण अक्षर ओलांडतो, बॅकस्पेस मात्र शेवटचे एकच चिन्ह खोडतो. ‘की’ टंकून बॅकस्पेस दाबला तर ‘क’ शिल्लक राहतो आणि चुकलेली वेलांटी तेवढी दुरुस्त करता येते.

आवृत्त्यांचा जाच

जीटीकेवर प्रेम करणाऱ्यांनाही एक गोष्ट मान्य करावी लागते. मोठी आवृत्ती बदलली की जुने प्रोग्राम तसेच्या तसे चालत नाहीत, बरेच पुन्हा लिहावे लागते. ज्या गिंपसाठी हे टूलकिट जन्माला आले त्याला तिसऱ्या जीटीकेवर यायला मार्च २०२५ उजाडला. तोवर चौथी आवृत्ती येऊन चार वर्षे उलटली होती. इंकस्केप २०२० मध्ये तिसरीवर आले. काहींनी घरच बदलले. संगणकांच्या जाळ्यातली वाहतूक तपासणारा वायरशार्क २०१५ मध्ये क्यूटीवर गेला. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये सबसरफेस हा पाणबुड्यांच्या नोंदवहीचा प्रोग्राम जीटीकेवर सुरू केला होता, तोही २०१३ मध्ये क्यूटीवर गेला. मुरगावसमोरच्या ग्रांदे बेटापाशी बुडी मारून आलेला हौशी पाणबुड्या खोली, वेळ आणि हवेचा दाब ज्यात नोंदवू शकेल असा तो प्रोग्राम आहे.

दृष्टिहीनांच्या सोयीतही असमतोल राहिला. लिनक्सवर ऑर्का हा पडदावाचक जीटीकेच्या खिडक्या वाचून दाखवतो आणि ईस्पीक एनजीच्या आवाजात मराठी व कोकणी दोन्ही ऐकता येतात. विंडोजवर मात्र जीटीकेची खिडकी पडदावाचकाला बराच काळ मुकीच होती. मार्च २०२५ च्या ४.१८ या आवृत्तीत तिथली वाट उघडली. त्याच आवृत्तीत अँड्रॉइडवर चालण्याची प्रायोगिक सोय आली आणि लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या जुन्या एक्स११ व्यवस्थेचा आधार पुढे काढला जाईल असे जाहीर झाले.

गोव्याच्या भाषा

गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतल्या कोकणीला राजभाषा केले आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापरालाही मुभा दिली. रोमी लिपीतली कोकणी तर घराघरांत आणि चर्चमध्ये आहेच. म्हणजे इथे एखाद्या पंचायतीसाठी किंवा सोसायटीसाठी लिहिलेल्या प्रोग्रामला एकाच भाषेवर भागत नाही.

जीटीकेचे प्रोग्राम यासाठी गेटटेक्स्ट ही भाषांतराची व्यवस्था वापरतात. मूळ वाक्ये प्रोग्रामात राहतात आणि भाषांतरे प्रत्येक भाषेच्या वेगळ्या फाइलमध्ये, मूळ वाक्याखाली त्याचे भाषांतर, अशी ओळीने लावलेली असतात. ही फाइल साध्या मजकुराची असते. सी भाषेचे ओ की ठो न कळणारा शिक्षकही ती भरू शकतो. जीटीकेची मराठी फाइलही अशीच आहे. अनेकवचनासाठी त्यात स्वतंत्र जागा असते, कारण एक पुस्तक, पाच पुस्तके, पण एक वही, पाच वह्या. शब्दाला ठरावीक शेपूट जोडून मराठीत भागत नाही. भाषांतर करताना बोलण्यातले क्रियापद घ्यावे. ‘साठवा’ बटणावर जसे शोभते तसे ‘संचयन’ शोभत नाही.

ग्नोममध्ये ईमेल वगैरेंची खाती सांभाळणाऱ्या ‘ग्नोम ऑनलाइन अकाउंट्स’ या भागाचे संक्षिप्त रूप रोमन लिपीत गोव्याच्या नावासारखेच होते, आणि त्याच्या लायब्ररीच्या नावातही ते आहे. आपल्या भूमीशी त्याचा काही संबंध नाही, तरी पॅकेजांच्या यादीत ते नाव दिसले की गोंयकाराची नजर तिथे थबकतेच.

गेटटेक्स्टची एक सोय मात्र जणू गोव्यासाठीच केल्यासारखी आहे. वापरणाऱ्याला भाषांचा पसंतीक्रम देता येतो: आधी कोकणी, ती नसेल तर मराठी, तीही नसेल तर मूळ इंग्रजी. हा शोध प्रत्येक वाक्यासाठी वेगळा होतो. साखळीच्या त्या वाचनालयातल्या प्रोग्रामची कोकणी फाइल अर्धीच भरून झाली असली, तरी भरलेली बटणे कोकणीत दिसतील आणि उरलेली मराठीत.