लक्ष्य आणि लक्षण

संस्कृत काव्यशास्त्रात कवीच्या कृतीला ‘लक्ष्य’ आणि तिचे स्वरूप सांगणाऱ्या शास्त्रीय नियमाला ‘लक्षण’ म्हणतात. साहित्य आणि साहित्यसिद्धांत यांच्या संबंधाची भारतीय परंपरेतील चर्चा मुख्यतः या जोडीच्या आधारे झाली. काव्य आधी आणि त्याचे शास्त्र नंतर, हा क्रम बहुतेक आलंकारिकांना (काव्यशास्त्रकारांना) मान्य होता. आनंदवर्धनाने (नववे शतक) ध्वन्यालोकाच्या आरंभी हे स्पष्टच सांगितले आहे. ध्वनीचे (काव्यात सुचवल्या जाणाऱ्या अर्थाचे) स्वरूप जुन्या लक्षणकारांच्या बुद्धीला उलगडले नव्हते. रामायण, महाभारत आदी लक्ष्यांत मात्र त्याचा वावर सर्वत्र होता आणि सहृदयांना (रसिक वाचकांना) तो जाणवत होता, असे त्याचे म्हणणे आहे. नवा सिद्धांत मांडणाऱ्याला आधाराला जुने काव्यच घ्यावे लागते, हे त्यातून दिसते.

लक्षणग्रंथाची घडण : बहुतेक ग्रंथांत कारिका (क्वचित सूत्र), वृत्ती आणि उदाहरण असे तीन थर असतात. कारिकेत लक्षण येते, वृत्तीत त्यातील प्रत्येक पदाचे प्रयोजन सांगितले जाते आणि उदाहरणात ते लक्षण श्लोकावर लावून दाखवले जाते. एखादे पद वगळले तर काय बिघडते, हे दाखवण्यासाठी प्रत्युदाहरण देतात. लक्षणाचे दोष न्यायशास्त्रातून घेतलेले आहेत. लक्ष्याचा काही भाग लक्षणाबाहेर राहिला तर अव्याप्ती, लक्ष्य नसलेली गोष्ट आत आली तर अतिव्याप्ती, आणि लक्षण लक्ष्याला मुळीच लागू पडले नाही तर असंभव. काव्यशास्त्रातील वादांत अव्याप्तीचा आक्षेप सर्वांत अधिक वेळा येतो. कवी सतत नवे लिहीत असतो आणि लक्षण मात्र जुन्या कृतींवरून बांधलेले असते, हे त्याचे कारण होय.

‘गतोऽस्तमर्कः’ : सूर्य मावळला, चंद्र प्रकाशतो आहे, पक्षी घरट्यांकडे निघाले आहेत, एवढाच अर्थ असलेली एक ओळ अनेक शतके सिद्धांताच्या कसोटीला लागत राहिली. प्राचीन आलंकारिक भामहाने काव्यालंकारात (2.87) ती उद्धृत करून ‘हे काय काव्य? याला वार्ता म्हणतात’ असा निकाल दिला. वक्रोक्तीवाचून (सांगण्याच्या वळणदार रीतीवाचून) अलंकार नाही, ही त्याची भूमिका होती आणि म्हणूनच हेतू, सूक्ष्म व लेश यांना त्याने अलंकारांत जागा दिली नाही. दंडीने काव्यादर्शाच्या दुसऱ्या परिच्छेदात हीच ओळ हेतू (कारण किंवा खूण सांगणाऱ्या) अलंकाराच्या विवेचनात घेतली आणि काळाची अवस्था सूचित करायची असेल तर हेही चांगलेच आहे, असे म्हटले. मम्मटाने (अकरावे शतक) काव्यप्रकाशाच्या पाचव्या उल्लासात या ओळीतील ‘गतोऽस्तमर्कः’ एवढेच शब्द घेतले. त्यांचा वाच्यार्थ (शब्दांचा सरळ अर्थ) सर्वांना एकच कळतो, पण बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग बदलला की व्यंग्यार्थ (सूचित अर्थ) बदलतो. शत्रूवर चालून जाण्याची वेळ झाली, अभिसाराला (प्रियकराच्या भेटीला) निघावे, कामे थांबवू या, संध्याविधी सुरू करावा, गाई घरात घ्या, विक्रीचा माल आवरा, प्रियकर अजून आला नाही, असे अर्थ मम्मटाने नोंदवले आहेत. शब्द तेच राहिले. पहिल्या सिद्धांताने ते काव्याबाहेर टाकले, दुसऱ्याने अलंकार म्हणून स्वीकारले आणि तिसऱ्याने व्यंजना ही अर्थ सुचवणारी स्वतंत्र शब्दशक्ती सिद्ध करण्यासाठी पुरावा म्हणून वापरले. मम्मटाच्या विवेचनात आणखी एक गोष्ट घडते. सुट्या ओळीचा विचार मागे पडून ती कोण, कोणाला, केव्हा म्हणतो याचा विचार पुढे येतो.

भामह आणि दंडी यांतील आधीचा कोण, हा वाद याच ओळीशी निगडित आहे. दंडी भामहाला उत्तर देतो असे मानले तर भामह आधीचा ठरतो. कथा आणि आख्यायिका यांत भामहाने भेद केला, तर दंडीने ही एकच जात असून तिला दोन नावे मिळाली आहेत, असे म्हटले. हाही त्याच पक्षाचा आधार. भामहाच्या पाचव्या परिच्छेदातील प्रत्यक्षाच्या (इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाच्या) लक्षणात ‘कल्पनापोढ’ (कल्पनाविरहित) हे पद आहे, पण बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने घातलेले ‘अभ्रान्त’ (भ्रमरहित) नाही. त्यावरून तो धर्मकीर्तीपूर्वीचा असावा, असे अनुमान काढतात. उलट पक्षाचा भर भामहाने केलेल्या ‘न्यासकार’ या उल्लेखावर आहे. हा न्यासकार म्हणजे काशिका या व्याकरणग्रंथावर न्यास ही टीका लिहिणारा जिनेंद्रबुद्धी असेल, तर भामह आठव्या शतकात ओढला जातो. पां. वा. काणे यांनी दंडीला आधीचा मानले, तर सुशीलकुमार डे यांचा कल भामहाकडे होता. न्यास नावाचे एकाहून अधिक ग्रंथ असणे शक्य असल्याने त्या उल्लेखावर फार भार टाकता येत नाही. दोघेही आज लुप्त असलेल्या एखाद्या जुन्या ग्रंथाला उत्तर देत असण्याची शक्यता उरते (भामहाने मेधावी या पूर्वसूरीचे नाव घेतलेच आहे). तरीही भामह आधी, दंडी नंतर आणि दोघांतील अंतर फार नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

काव्यलक्षणावरील आक्षेप : मम्मटाने दोषरहित, गुणयुक्त आणि क्वचित अलंकार नसलेल्या शब्दार्थांना काव्य म्हटले. विश्वनाथाने (चौदावे शतक) साहित्यदर्पणात ‘न्यक्कारो ह्ययमेव मे’ हा रावणाच्या तोंडचा श्लोक पुढे केला. त्यात विधेयाविमर्श (विधानाचा मुख्य भाग वाक्यरचनेत गौण होणे) हा दोष आहे, तरी तो उत्तम ध्वनिकाव्य मानला गेला आहे. ‘दोषरहित’ हे पद ठेवले तर असा श्लोक काव्याबाहेर जातो. विश्वनाथाचे स्वतःचे लक्षण ‘रसात्मक वाक्य म्हणजे काव्य’ असे आहे. सतराव्या शतकात जगन्नाथाने त्यावरही अव्याप्तीच दाखवली. पाण्याच्या प्रवाहाचे वेगाने कोसळणे, उसळणे, भोवरे घेणे, माकडांच्या व लहान मुलांच्या लीला यांची महाकवींनी केलेली वर्णने या लक्षणात बसत नाहीत. रसाशी ओढूनताणून संबंध जोडला तर कोणतेही वाक्य काव्य होईल, म्हणजे तिकडून अतिव्याप्ती. दोन्ही वादांत निर्णायक ठरले ते मान्यता पावलेले काव्य. लक्षण आणि श्लोक यांत विरोध आला तेव्हा लक्षणालाच माघार घ्यावी लागली.

महाकाव्याच्या लक्षणात हा ताण वेगळ्या रीतीने दिसतो. नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रोदय, जलक्रीडा, विवाह, मंत्रणा, दूत, प्रयाण, युद्ध अशी वर्णनांची लांब यादी दिल्यावर दंडी लगेच सांगतो की यांतील काही अंगे नसली तरी काव्य दूषित होत नाही. विश्वनाथाने सर्ग आठांहून अधिक असावेत असे सांगितले. कुमारसंभवाचे पहिले आठ सर्गच कालिदासाचे, हे बहुसंख्य अभ्यासकांचे मत धरले आणि नियम अक्षरशः लावला, तर कालिदासाची ही रचना महाकाव्य ठरत नाही. पुढच्या काळात यादी समोर ठेवून वर्णने भरण्याची प्रवृत्ती वाढली आणि लक्षणाचाच आराखडा झाला.

उदाहरणे कोणाची? : सिद्धांताची परीक्षा किती कठोर होते, हे बऱ्याच अंशी यावर अवलंबून असते. आनंदवर्धन आणि मम्मट यांनी मुख्यतः इतर कवींची पद्ये घेतली. त्यांत गाथासप्तशतीतील प्राकृत गाथाही आहेत. क्षेमेंद्राने औचित्यविचारचर्चेत थोर कवींचे तसेच स्वतःचेही श्लोक अनौचित्याची उदाहरणे म्हणून दिले. उद्भटाने आपल्याच काव्यातून उदाहरणे काढली. विद्यानाथाने आश्रयदाता काकतीय राजा प्रतापरुद्र याच्या स्तुतीची पद्ये त्यासाठी रचली. जगन्नाथाने तर उदाहरणांना अनुरूप नवे काव्य आपण स्वतः रचले, दुसऱ्याचे काहीही घेतले नाही, असे अभिमानाने नमूद केले. लक्षणाच्या मापाने बेतलेला श्लोक लक्षणाला खोटे पाडू शकत नाही; या पद्धतीची ही खरी उणीव आहे. जगन्नाथाची पद्ये सरस आहेत, पण त्याच्या लक्षणाचे बळ प्रतिपक्षाच्या खंडनात अधिक दिसते. भेद-प्रभेदांची वाढही अंशतः यामुळे सुलभ झाली. नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक हे चारच अलंकार आहेत. अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदापर्यंत ही संख्या शंभरावर गेली.

मराठी : ओवी आणि अभंग यांचे लक्षण त्यांच्या भरभराटीच्या काळात स्वतंत्र शास्त्रग्रंथाच्या रूपाने फारसे मांडले गेले नाही, त्यासंबंधीची मते संतांच्या रचनांतूनच गोळा करावी लागतात. विसाव्या शतकात संस्कृत लक्षणे आणि पाश्चात्य सौंदर्यशास्त्र एकत्र आली. बा. सी. मर्ढेकर यांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सर्व कलांना लागू केली. छोट्या, घट्ट बांधणीच्या कवितेत ती नेमकी दाखवता येतात. विस्तृत कादंबरीत दाखवणे अवघड जाते. दलित साहित्यानंतर रसव्यवस्थेच्या मर्यादेचा प्रश्न तीव्र झाला. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’तील (1972) कविता वाचकाला अस्वस्थ करू पाहते, आनंद हे काव्याचे अंतिम प्रयोजन मानणाऱ्या लक्षणात ती बसवायची तर तिचा नकार बोथट करावा लागतो. शरणकुमार लिंबाळे यांनी 1996 मध्ये दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची मांडणी करताना आनंदाच्या जागी समता, स्वातंत्र्य, न्याय आणि बंधुता ही मूल्ये निकष म्हणून ठेवली.